जेली मिठाई, शर्करारहित

जिलेटीन, अगर किंवा पेक्टिन यांसारख्या जेल बनविणाऱ्या पदार्थाच्या साहाय्याने फळांचा रस वा स्वादयुक्त पाणी घट्ट करून तयार केलेल्या मऊ, चिवट व लवचिक गोळ्यांना जेली मिठाई म्हणतात. बाजारात त्या ‘गमी’ या नावाने ओळखल्या जातात. डिंक किंवा रबर या अर्थाच्या जर्मन शब्दावरून हे नाव रूढ झाले. हान्स रीगेल यांनी १९२० मध्ये जर्मनीतील बॉन शहरी स्थापन केलेल्या हारिबो या कंपनीने १९२२ मध्ये अस्वलाच्या आकाराच्या अशा गोळ्या विक्रीस आणल्या आणि पुढे हा प्रकार जगभर पसरला. नेहमीच्या जेली मिठाईत साखर व ग्लुकोजाचा पाक हेच प्रमुख घटक असतात. ते वगळून, अन्य मधुरके (गोडी आणणारे पदार्थ) वापरून केलेल्या मिठाईस शर्करारहित जेली मिठाई म्हणतात. मधुमेही व्यक्ती, दात किडण्याची तक्रार असलेली मुले आणि वजनावर नियंत्रण ठेवू इच्छिणारे लोक यांच्यासाठी ती अलीकडे घरोघरी करण्यात येऊ लागली आहे. कृती वरवर सोपी दिसते. तथापि साखर काढून तेथे दुसरा गोड पदार्थ घातला की काम भागले, अशी समजूत असल्यास पदार्थ बहुधा फसतो. फसला नाही, तरी तो दोन-तीन दिवसांत बुरसतो.

साखरेचे कार्य : मिठाईत साखर केवळ गोडीसाठी नसते. कारखान्यात तयार होणाऱ्या जेली मिठाईत विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण ७५ ते ८० टक्के असते व त्यातील बहुतेक भाग साखर आणि ग्लुकोजाचा पाक यांचा असतो; जिलेटीन ६ ते ९ टक्केच असते. म्हणजे गोळीचे आकारमान, तिचे वजन व दाताखाली जाणवणारा जडपणा हे सर्व साखरेमुळे येते. पाक आटत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. ८० टक्क्यांपर्यंत आटलेला पाक ११०° से.च्या पुढे उकळतो. पाकाची तार पाहण्याची आपल्याकडील गृहिणींची रीत म्हणजे याच संहतीचे (विद्रावातील साखरेच्या प्रमाणाचे) तापमापकाविना केलेले मापन होय. मधुरकांच्या पातळ विद्रावाला अशी तार येत नाही, त्यामुळे नेहमीच्या मिठाईचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही.

साखरेचे दुसरे कार्य पाणी बांधून ठेवण्याचे आहे. साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात आणि त्यामुळे सूक्ष्मजंतूंना व बुरशीला वाढीसाठी लागणारे मोकळे पाणी उपलब्ध होत नाही. मुरंबा वर्षभर टिकतो तो याच कारणाने. साखरेच्या जेली मिठाईतील उपलब्ध पाणी इतके कमी असते की, ती महिनोन्महिने उघड्यावरही खराब होत नाही. घरगुती शर्करारहित मिठाईत मात्र ७० ते ८० टक्के पाणीच असते व त्यातील बरेचसे मोकळे असते. खरे पाहता ती मिठाई नसून मिठाईच्या आकाराची नाशवंत जेली असते, आणि तिला तसेच वागवावे लागते.

जेल बनविणारे पदार्थ : जनावरांची हाडे, कातडी व स्नायुबंध यांतील कोलॅजेन या प्रथिनाचे अंशतः जलीय विच्छेदन करून (पाण्याच्या विक्रियेने रेणूंचे तुकडे करून) जिलेटीन मिळवितात. गरम पाण्यात त्याचे लांबट रेणू सुटे होतात आणि थंड होताना ते ठिकठिकाणी एकमेकांभोवती गुंडाळले जाऊन त्यांचे जाळे बनते. या जाळ्यात पाणी अडकून पडते. जिलेटिनाचा जेल सु. ३०° ते ३५° से. तापमानास वितळतो. हे तापमान शरीराच्या तापमानाहून किंचित कमी असल्याने गोळी तोंडात हळूहळू विरघळते व तिचा स्वाद पसरतो. इतर कोणत्याही पदार्थाने हा गुण नेमका साधत नाही. याच गुणामुळे नागपूर किंवा जळगाव येथील उन्हाळ्यात ही मिठाई शीतकपाटाबाहेर टिकत नाही, तिचे पुन्हा पाणी होते. जिलेटिनाची जेल बनविण्याची शक्ती ब्लूम मूल्याने व्यक्त करतात. ऑस्कर ब्लूम यांनी त्यासाठी तयार केलेल्या उपकरणाचे एकस्व (पेटंट) १९२५ मध्ये घेण्यात आले. गोळ्यांसाठी २०० ते २५० ब्लूम मूल्याचे जिलेटीन योग्य असते. पुडीवर हे मूल्य पुष्कळदा छापलेले नसते, म्हणून पहिल्या खेपेस थोडे मिश्रण बशीत गोठवून पाहणे श्रेयस्कर.

अननस, पपई, किवी, अंजीर व आले यांच्या कच्च्या रसात प्रथिनांचे विघटन करणारी एंझाइमे असतात. ती जिलेटिनाचे जाळेच तोडून टाकतात, त्यामुळे अशा रसातील मिश्रण कितीही वेळ थंड केले तरी गोठत नाही. रस काही मिनिटे उकळला म्हणजे एंझाइमे निष्क्रिय होतात. डबाबंद अननस आधीच तापविलेला असल्याने ही अडचण येत नाही.

जिलेटीन प्राणिज असल्याने शाकाहारी व्यक्तींना ते चालत नाही. त्याचा उगम डुकराच्या वा गाईच्या कातडीत असू शकत असल्याने अनेकांच्या धर्माचारालाही ते वर्ज्य ठरते. अशा घरांत अगर हा पर्याय असतो. तांबड्या समुद्रशैवलांपासून मिळणारा हा पदार्थ आपल्याकडे ‘चिनी गवत’ (चायना ग्रास) या नावाने किराणा दुकानात पट्ट्यांच्या वा पुडीच्या रूपात मिळतो. त्याचे गुणधर्म जिलेटिनाच्या जवळजवळ उलट आहेत. तो उकळल्याखेरीज विरघळत नाही, ३२° ते ४०° से.ला गोठतो आणि एकदा गोठला की सु. ८५° से.पर्यंत वितळत नाही. एक टक्का अगरही घट्ट जेल देतो. परंतु तो चिवट नसून ठिसूळ असतो, ताणला तर मोडतो. अगराच्या वड्या चवीला उत्तम होतात, पण त्यांना चिवट गोळी म्हणता येत नाही आणि खाणाऱ्यास तसे सांगूनही फसवू नये. या दोन पदार्थांतील भेदाचे एक उदाहरण सूक्ष्मजंतुशास्त्राच्या इतिहासात आढळते. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजंतू वाढविण्यासाठी प्रथम जिलेटीन वापरीत. पण ते उबेत वितळे व काही जंतू ते पचवून टाकीत. तेथे काम करणाऱ्या व्हाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी १८८१ मध्ये स्वयंपाकघरातील अनुभवावरून अगर सुचविला आणि तो आजतागायत प्रयोगशाळांत वापरात आहे. जिलेटीन हे जंतूंचे अन्न आहे ही गोष्ट घरी गोळ्या करणाऱ्यानेही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पेक्टिन हा फळांच्या पेशीभित्तीतील पदार्थ होय. पेरूची जेली त्यामुळेच जमते. मात्र नेहमीचे (अधिक मेथॉक्सी गट असलेले) पेक्टिन विद्राव्य घन पदार्थ ५५ टक्क्यांहून अधिक आणि पीएच मूल्य सु. २·८ ते ३·५ असल्यासच गोठते. येथे साखर हा स्वादाचा नव्हे, तर गोठण्याच्या क्रियेचाच घटक असतो. बिनसाखरेची पेरूची जेली कितीही आटविली तरी तिचा गर होतो, जेली होत नाही, याचे कारण हेच. कमी मेथॉक्सी गट असलेले पेक्टिन कॅल्शियमाच्या लवणाच्या सान्निध्यात साखरेविना गोठते. पण कॅल्शियमाचे प्रमाण अचूक ठेवावे लागत असल्याने घरगुती कामास ते जिकिरीचे ठरते.

मधुरके : ही दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारातील मधुरके अतिशय तीव्र गोड असून अत्यल्प प्रमाणात लागतात. कॉन्स्टँटिन फालबर्ग व आयरा रेम्सन यांच्या संशोधनातून १८७९ मध्ये ज्ञात झालेले सॅकॅरीन साखरेच्या तीनशे पटींहून अधिक गोड असते, परंतु मागाहून कडवट लागते. ॲस्पार्टेम सु. २०० पट गोड आहे; ते तापविल्याने विघटन पावते, म्हणून उकळत्या मिश्रणात घालणे निरर्थक होय. फिनिलकीटोनमेह हा जन्मजात विकार असलेल्यांना ते वर्ज्य आहे. सुक्रालोज सु. ६०० पट गोड असून स्वयंपाकाची उष्णता सहन करते. पॅराग्वाय प्रदेशातील एका वनस्पतीच्या पानांपासून मिळणारी स्टिव्हियाची शुद्ध द्रव्ये २०० ते ३०० पट गोड असतात. त्यांना ज्येष्ठमधासारखी रेंगाळणारी चव असते व ती सर्वांना आवडतेच असे नाही. या सर्वांत एक उणीव समान आहे : ती गोडी देतात, पण आकारमान देत नाहीत.

ही उणीव काही अंशी भरून काढणारा दुसरा प्रकार म्हणजे शर्करा-अल्कोहॉले. सॉर्बिटॉल साखरेच्या सु. ६० टक्के, माल्टिटॉल सु. ९० टक्के, तर झायलिटॉल जवळजवळ साखरेइतकेच गोड असते. साखरेच्या एका ग्रॅममागे ४ कॅलरी मिळतात, तर यांच्यापासून २ ते २·६. त्यांचे लहान आतड्यात पूर्ण शोषण होत नाही. उरलेला भाग मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो व तेथील जंतू त्याचे किण्वन करतात. परिणामी पोटात वायू धरणे, मुरडा व जुलाब हे त्रास होतात. भारतातील नियमांनुसार अशा पदार्थांचे प्रमाण दहा टक्के वा अधिक असल्यास वेष्टनावर रेचक परिणामाची सूचना छापावी लागते. घरच्या डब्यावर ती कोणी छापत नाही आणि मुले गोळ्या मोजून खात नाहीत. म्हणून घरगुती कृतीत सॉर्बिटॉल व माल्टिटॉल टाळणेच बरे. एरिथ्रिटॉल या वर्गातील अपवाद आहे. त्याचा सु. नव्वद टक्के भाग लहान आतड्यातच शोषला जाऊन मूत्रावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, त्यामुळे रेचक परिणाम कमी होतो. त्याच्यापासून मिळणारी ऊर्जाही दर ग्रॅमला जेमतेम ०·२ कॅलरी असते. त्याची गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के असते. विरघळताना ते उष्णता शोषून घेत असल्याने जिभेला गारवा जाणवतो. रक्तातील एरिथ्रिटॉलाचे वाढलेले प्रमाण आणि हृदयविकार यांत संबंध आढळल्याचे एक संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नसला, तरी हृद्‌रोग्यांनी ते सढळ हाताने वापरू नये.

चमच्यास चमचा या मापाने विकल्या जाणाऱ्या मधुरकांच्या भुकटीत तीव्र मधुरक नाममात्र असून उरलेला भाग पुष्कळदा माल्टोडेक्स्ट्रीन, डेक्स्ट्रोज वा लॅक्टोज यांचा असतो. ही सर्व कार्बोहायड्रेटेच होत. वेष्टनावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय अशी भुकटी मधुमेहींसाठी वापरू नये.

कृती : येथे कोकमाच्या गोळ्यांची कृती दिली आहे. कोकमाला स्वतःचा गडद तांबडा रंग व भरपूर आंबटपणा असल्याने वेगळा रंग किंवा सायट्रिक अम्ल लागत नाही. आगळात मीठ असते आणि कोकम सरबताच्या तयार पाकात साखर; म्हणून दोन्ही उपयोगाची नाहीत. बिनमिठाची सुकी सोले सु. २५ ग्रॅ. घेऊन ती १३० मिलि. कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजवितात, कुस्करून फडक्यातून गाळतात व त्यातील १०० मिलि. पाणी घेतात. दुसऱ्या भांड्यात १०० मिलि. साधे थंड पाणी घेऊन त्यावर ३० ग्रॅ. जिलेटीन भुरभुरवितात आणि पंधरा मिनिटे तसेच ठेवतात. पाणी जिलेटिनावर ओतल्यास किंवा ते गरम असल्यास गुठळ्या होतात व त्या पुढे मोडत नाहीत. जिलेटीन फुगून स्पंजासारखे झाले की भांडे गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ते सु. ६०° से.पर्यंत तापवितात, बोट बुडविल्यास चटका बसेल, पण वाफा येणार नाहीत, असे हे तापमान असते. उकळू देऊ नये, कारण दीर्घकाळ उकळण्याने, विशेषतः अम्लाच्या सान्निध्यात, जिलेटिनाचे रेणू तुटून जेल दुबळा पडतो. कोकमाचे पाणी शेवटी मिसळण्याचे कारणही हेच आहे.

कोकमाचे पाणी किंचित कोमट करून त्यात ३० ग्रॅ. एरिथ्रिटॉल पूर्ण विरघळवितात. त्याची गोडी सु. २० ग्रॅ. साखरेइतकी होते. कोकमाच्या आंबटपणापुढे ती अपुरी पडते, म्हणून पाच-सहा चमचे साखरेच्या गोडीइतके सुक्रालोज वा स्टिव्हिया त्यात घालतात. ही द्रव्ये शुद्ध रूपात असल्यास मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजावी लागते व घरच्या काट्यावर ते शक्य नसते. टिकल्यांच्या रूपातील मधुरक घेऊन वेष्टनावरील तुल्यमानाप्रमाणे टिकल्या मोजणे सोयीचे असते. दोन्ही द्रव एकत्र करून चमच्याने हळू ढवळतात (घुसळल्यास फेस होतो व गोळ्या धुरकट दिसतात), वर आलेला फेस काढून मिश्रण सिलिकोनाच्या साच्यांत भरतात. साचे नसल्यास खोबरेल तेलाचा हात फिरविलेल्या ताटात ओतून नंतर वड्या पाडाव्यात. शीतकपाटात दोन-तीन तासांत मिश्रण गोठते. या अवस्थेत ते जेलीसारखे लिबलिबीत असते. गोळ्या सुट्या करून जाळीवर, शीतकपाटातच, एक ते दोन दिवस उघड्या ठेवल्यास बाष्पनाने पाणी कमी होते व अपेक्षित चिवटपणा येतो. कारखान्यात मक्याच्या पिठीत उठविलेल्या साच्यांत मिश्रण ओततात. कोरडी पिठी ओल शोषून घेते व हेच काम होते. चिकटू नयेत म्हणून गोळ्यांना तेलाचा अगदी पुसट हात लावतात. वरील प्रमाणात साधारण ८० लहान गोळ्या होतात.

अगराची कृती निराळी आहे. १०० मिलि. साध्या पाण्यात ३ ते ४ ग्रॅ. चिनी गवत बारीक कापून, भिजवून, पट्ट्या पूर्ण दिसेनाशा होईपर्यंत उकळवितात व विस्तवावरून उतरवून मगच त्यात तेवढेच कोमट कोकमाचे पाणी घालतात. अम्लासह उकळल्यास अगरही तुटतो. थंडगार पाणी घातल्यास ते जागच्या जागी गोठून मिश्रणात दाणे पडतात; ही चूक फार सर्रास होते.

वाळविताना गोळ्यांवर पांढरी पूड दिसू लागल्यास ती बुरशी असेलच असे नाही. पाणी कमी होत गेल्यावर विद्राव संपृक्त होऊन एरिथ्रिटॉलाचे स्फटिक पृष्ठभागावर येतात. ते दाताखाली करकरतात. केसाळ, हिरवट वा करडे ठिपके मात्र बुरशीचेच असतात आणि असे दिसल्यास संपूर्ण डबा टाकून द्यावा, कारण ओलसर पदार्थात बुरशीचे धागे न दिसता खोलवर पसरलेले असतात. झाकणाच्या डब्यात, शीतकपाटात, ही मिठाई सु. एक आठवडा ठेवावी. आंबूस वास, वरचा बुळबुळीतपणा किंवा डब्यात सुटलेले धुरकट पाणी ही बिघाडाची चिन्हे होत.

आहारदृष्ट्या : भारतीय नियमांनुसार १०० ग्रॅ. घन पदार्थात ०·५ ग्रॅ.पेक्षा अधिक शर्करा नसेल, तरच त्यास शर्करारहित म्हणता येते. घरगुती पदार्थांबाबत हे नाव फार सैलपणे वापरले जाते. वरील कृतीत कोकमाच्या पाण्याऐवजी १०० मिलि. संत्र्याचा रस घेतल्यास त्यासोबत सु. ९ ग्रॅ. नैसर्गिक शर्करा येते. म्हणजे २६० ग्रॅ. मिश्रणात हे प्रमाण सु. ३·५ टक्के, कायदेशीर मर्यादेच्या सातपट, होते. साखरेच्या मिठाईच्या मानाने ते अल्प असले, तरी मधुमेही व्यक्तीने ते हिशेबात धरलेच पाहिजे. गूळ, मध किंवा खजूर घालून केलेल्या मिठाईस ‘बिनसाखरेची’ म्हणण्याची पद्धत तर सर्वस्वी दिशाभूल करणारी आहे. गुळात मुख्यतः सुक्रोज, म्हणजे साखरच असते. मध व खजूर यांतील ग्लुकोज आणि फ्रुक्टोज शरीराच्या दृष्टीने शर्कराच होत.

शर्करा-अल्कोहॉलांपासून तोंडातील जंतू फारसे अम्ल तयार करू शकत नाहीत, त्यामुळे दातांना कीड लागण्याचा धोका कमी होतो. परंतु कोकम, लिंबू वा सायट्रिक अम्ल यांच्या आंबटपणाने दातांचे लुकण झिजते. चिवट गोळी दातांना चिकटून राहत असल्याने हा परिणाम अधिक काळ टिकतो. वजन घटविण्याचे साधन म्हणून शर्करेतर मधुरके वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली. ती आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही व शर्करा-अल्कोहॉलांचाही तीत समावेश नाही.

इन्शुलीन घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. रक्तातील ग्लुकोज एकाएकी कमी होऊन घाम, थरथर, भूक व ग्लानी ही लक्षणे दिसू लागल्यास तत्काळ साखर, ग्लुकोजाची भुकटी किंवा गोड सरबत द्यावे लागते. त्या वेळी दप्तरातील शर्करारहित गोळी दिल्यास काहीच उपयोग होत नाही, उलट मोलाची मिनिटे वाया जातात. म्हणून अशा मुलाजवळ दोन्ही प्रकारच्या गोळ्या असल्यास त्या वेगवेगळ्या आकाराच्या व रंगाच्या असाव्यात, तसेच ही बाब शाळेतील शिक्षकांस माहीत असावी. चार-पाच वर्षांखालील मुलांना चिवट गोळी अख्खी देऊ नये. ती घशात अडकण्याचा संभव असतो. कोंजॅक या कंदाच्या पिठापासून केलेल्या जेलीच्या गोळ्यांमुळे गुदमरून मृत्यू घडल्याने यूरोपीय संघाने जेली मिठाईत त्याचा वापर बंद केला आहे. घरात कुत्रा असल्यास झायलिटॉल वापरलेल्या गोळ्या त्याच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात. माणसास निरुपद्रवी असणारे हे मधुरक कुत्र्याच्या रक्तातील ग्लुकोज झपाट्याने उतरवते व थोड्या मात्रेतही ते त्यास प्राणघातक ठरू शकते.